बारव कुणाची, गायरान कुणाचं: उत्तर सोलापुरातल्या एका गावाचं प्रकरण

गावाचं नाव या लिखाणात दिलेलं नाही. बारवेच्या जागेचा प्रश्न कागदोपत्री अजून मिटायचा आहे आणि तिथल्या मंडळींनी तशी विनंतीच केली. सोलापूर-बार्शी रस्त्यावरून आत वळलं की नान्नजच्या माळाला लागून जी गावं आहेत त्यांतलं हे एक. थोड्या द्राक्षबागा, ज्वारी, तूर, बाकी मुरमाड माळ. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा म्हणावा तो परतीचा.

गावात तीन गोष्टी बेवारस पडल्या होत्या. गावठाणाच्या कडेची दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तिच्या काठावर आणि मारुतीच्या पारावर विखुरलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आणि ओढ्यापलीकडचं गायरान. कोविडच्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेल्या पोरांनी बारवेपासून सुरुवात केली. रोहन काळे यांनी २०२० मध्ये सुरू केलेली महाराष्ट्र बारव मोहीम तेव्हा मोबाइलवर दिसायला लागली होती. महाशिवरात्रीला दिव्यांनी उजळलेल्या बारवांचे फोटो पोरांच्या ग्रुपवर आले आणि आपल्याही गावात असलीच एक आहे, आपण तिच्यात निर्माल्य आणि फुटक्या बाटल्या टाकतो, हे ध्यानात आलं.

अशा कामाचा वृत्तांत बहुतेक वेळा घमेल्यांच्या साखळीच्या फोटोवर संपतो. इथं गाळ काढणं हाच सगळ्यांत सोपा भाग निघाला. काम दरवेळी अडलं ते एकाच जागी. ही वस्तू नेमकी कुणाची, तिच्यावर कुणाचं चालतं, आणि कुणाचं कधीच चाललं नाही? जिथं हे समोरासमोर बसून बोललं गेलं तिथलं काम टिकलं. जिथं ‘वारसा काय, सगळ्यांचाच’ म्हणून पुढं रेटलं तिथं ते उलटून आलं.

सात-बारा

बारव सरकारी नव्हती, देवस्थानची नव्हती आणि पुरातत्त्व खात्याच्या कुठल्या यादीतही नव्हती. ती एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीच्या गटात येते. उताऱ्याच्या इतर हक्कांत तीन भावांचे हिस्से आण्यांत लिहिलेले आहेत, थोरल्याच्या घराचे आठ आणे, धाकट्या दोघांचे चार-चार. मोट बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. बैलांची धाव मोडली, मोटेचं पाणी पडायचं थारोळं उखडलं, बोअर आलं आणि हिस्से फक्त कागदावर राहिले. पण हिस्सा तो हिस्साच.

पोरं पहिल्या रविवारी कोयते-कुऱ्हाडी घेऊन झुडपं तोडायला उतरली तेव्हा थोरले आण्णा काठावर येऊन उभे राहिले. “कुणाला इचारून उतरलाव?” एवढंच विचारलं. पोरं वर आली आणि काम तिथंच थांबलं. नंतरचे कित्येक महिने गावात दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात बारवेपेक्षा जुन्या भावकीचाच विषय जास्त होता.

आण्णांच्या भीती दोन होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. पहिली पुरातत्त्वाची. “एकदा खात्याचा बोर्ड लागला की शंभर मीटरमधी कुदळ मारता येत न्हाई,” हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि त्यांचं राहतं घर बारवेपासून हाकेच्या अंतरावर. यातलं अर्धं बरोबर आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. पण हे केंद्र संरक्षित स्मारकांना लागू. राज्याचा १९६० चा कायदा वेगळा, आणि तोही राज्यानं अधिसूचना काढून संरक्षित केलेल्या वास्तूंपुरता. गावात निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी दोन्ही कायद्यांचा फरक आण्णांच्या ओसरीवर बसून, चष्मा सावरत, दोन बैठकांत समजावला. हे काम सोलापुरातून आलेल्या आमच्यासारख्या कुणाकडून झालंच नसतं. आमच्या तोंडून तोच मजकूर आला असता तरी तो सरकारी वाटला असता.

या भीतीपायी महाराष्ट्रात किती मूर्ती आणि शिलालेख शेताच्या बांधात परत पुरले गेले असतील याचा हिशेब लागणार नाही. नांगराला कोरीव दगड लागला की शेतकऱ्याला आधी स्वतःची जमीन आठवते. त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

दुसरी भीती पाण्याची. बारव भरली, झरे मोकळे झाले, की ग्रामपंचायत उद्या मोटर टाकणार नाही कशावरून? यावर तोंडी शपथा पुष्कळ घेतल्या गेल्या आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी संमतीपत्र झालं. मालकी तिन्ही भावांचीच राहील, पाणी उपसायला कुणीही मोटर लावायची नाही, मालकांनीसुद्धा ग्रामसभेला सांगितल्याशिवाय नाही. काठावर जनावरांसाठी हौद होईल आणि तो सगळ्या गावाला खुला राहील. खालचा जुना, काळा गाळ आधी तिघा भावांच्या रानात जाईल. गाळाची अट मधल्या भावानं घातली आणि खरं सांगायचं तर सही त्या गाळामुळंच झाली. मुरमाड रानात चार ट्रॉल्या गाळ म्हणजे काय, हे इकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. संमतीपत्राची नोंद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या ठरावात घेतली. फेरफार मात्र झालेला नाही, आणि धाकट्या भावाचा मुलगा सध्या वेगळं बोलू लागला आहे.

गाळ

याबद्दल थोडक्यात. पाणी उपसताना घाई केली नाही, कारण शंभर वर्षं पाण्याच्या आधारानं उभी असलेली भिंत एकाएकी रिकामी केली की मागच्या ओल्या मातीचा दाब तिला आत ढकलतो. दिवसाला हातभर पातळी उतरवायची, भिंतीकडं बघायचं, मग पुढं. पायऱ्यांपर्यंतचं काम घमेल्यांनी झालं, खालच्या आडासाठी शेजारच्या गावातली यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र, आणली. यारीवाल्यानं डिझेलपुरते पैसे घेतले.

एका गोष्टीवर मात्र जुनी माणसं अडून बसली आणि बरं झालं. आडात उतरण्याआधी रोज सकाळी कंदील सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही. गावातल्या आरोग्यसेविकेनं त्यात भर घातली की ज्योत तगली म्हणून माणूस तगेलच असं नाही, सडक्या गाळातला काही वायू ज्योत न विझवताही माणसाला पाडतो. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोघं जण, आणि खालचा माणूस पडलाच तर मागोमाग उडी मारायची नाही. जुन्या विहिरींत एकामागून एक जीव जातात ते वाचवायला उतरलेल्यांचेच.

गाळात निघालं काय? प्लास्टर ऑफ पॅरिसचे गणपती, देवादिकांचे फुटके फोटो, तांब्याची एक कळशी, बांगड्यांचे तुकडे, क्रिकेटचे चेंडू. आणि तळाशी एक दगडी देवीमूर्ती, उजवा हात तुटलेली. त्या दिवशी काम बंद झालं. संध्याकाळपर्यंत गुप्तधनाची आवई उठली, रात्री बारवेवर बॅटऱ्या दिसल्या, म्हणून पोरांनी आळीपाळीनं पहारा दिला. एक गट म्हणत होता देवी प्रकट झाली, देऊळ बांधू. तलाठीअप्पांनी त्याला हळूच वाट करून दिली, “खंडित मूर्ती पुजत न्हाईत म्हणूनच आपल्या पूर्वजांनी तिला पाण्यात सोडली असंल की.” तहसीलदारांना कळवलं, पंचनामा झाला. जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारकच आहे. त्या कायद्यातली मर्यादा आजही दहा रुपयांची आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच कळवायचं.

सिमेंट

पश्चिमेची भिंत दोन ठिकाणी ढासळली होती आणि एका ठिकाणी तिनं पोट काढलं होतं. गावातलेच एक गृहस्थ पुण्यात बांधकामाच्या धंद्यात आहेत. त्यांनी फोटो बघितले आणि सिमेंटची गाडीभर पोती पाठवून दिली. देणगी मोठी, मन मोठं. पोरांनी पोत्यांसोबत फोटो काढून आभार मानले. आता सगळे सांधे सिमेंटनं भरायचे आणि वरून पांढरा पट्टा मारायचा, असं ठरलंही.

थांबवलं वडार वस्तीतल्या एका वयस्क मिस्त्रींनी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हे इथं नोंदवायला हवं. बारवेच्या कामाच्या समितीत शिक्षक होते, दूध संघाचे माजी संचालक होते, पुण्याहून परतलेला संगणकवाला होता. ज्याच्या घरात चार पिढ्या दगड फोडला जातो तो माणूस समितीत नव्हता. मामा आपणहून आले, भिंतीजवळ गेले, एका सांध्यात बोट घातलं आणि ओलं बोट पोरांना दाखवलं.

“ह्यो दगूड दगडावर बसलाय. ह्येला चिकटवायला काय बी लागलं न्हाई. आन् ह्या फटीतनं पाणी येतंय, म्हणून तर ही बारव हाय. तुमी फटी बुजवल्या तर पाणी जाणार कुठं?”

त्या चार वाक्यांत अख्खी बारव आली. या बारवेची चिरेबंदी कोरडी आहे, सांध्यांत चुना नाही. पावसाळ्यात आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी सांध्यांतून पाझरून आत उतरतं. सिमेंटनं सांधे बंद केले की झरे आटतात, आणि ते पाणी भिंतीमागं साठून भिंतीलाच ढकलतं. जिथं पोट आलं होतं तिथं हेच झालं होतं. कधीतरी ग्रामपंचायतीच्या एका जुन्या कामात तेवढ्याच भागाला सिमेंटचा गिलावा दिला होता, आणि भिंत नेमकी त्याच्या कडेला फुगली होती. शिवाय सिमेंट दगडापेक्षा कडक. त्याला उन्हातान्हात प्रसरण पावायला जागा मिळाली नाही की दगडाची कड फुटते, सिमेंट तसंच राहतं.

मग दुरुस्ती झाली ती अशी. आत पडलेले चिरे गाळातून निघाले तसे काठावर आकारानं लावून ठेवलेले होतेच. मामांनी त्यांतून जागेवर बसणारे निवडले, मागं दगडगोट्यांची भर घातली, खाली कपच्या मारून पक्के केले. फुगलेला भाग खालपासून उतरवून पुन्हा रचला. ते काम अर्धवट ठेवता येत नाही, त्यामुळं पाऊस येण्याआधीचे ते आठवडे सगळ्यांनाच जड गेले. चुना वापरला तो फक्त काठावरच्या थरात आणि पायऱ्यांवरच्या छोट्या मंडपाच्या छतावर, जिथून पावसाचं पाणी आत मुरत होतं. चुना आधी खड्ड्यात विझवून भिजत ठेवला, वाळूत मळला, मामांच्या आठवणीप्रमाणे त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घातलं. चुन्याला सिमेंटसारखी घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो आणि तोवर त्याला ओल लागते. सोलापूरच्या मे महिन्यात चुन्याचं काम काढणं म्हणजे ते वाया घालवणं. छत म्हणूनच दिवाळीनंतर केलं, वर ओलं गोणपाट टाकून.

सिमेंटच्या पोत्यांचं काय केलं? जनावरांचा हौद आणि वाहून जाणाऱ्या पाण्याची नाली. देणाऱ्याला तसं कळवलं. ते आधी नाराज झाले, मग हौदावर नाव घाला म्हणाले. घातलं.

भिंतीत उगवलेल्या पिंपळाचाही प्रश्न होताच. पिंपळाला कुऱ्हाड लावायला कुणी तयार होईना, आणि मुळं ओढून काढली तर सोबत चिरेही येतात. तोडगा भजनी मंडळातल्या आजींनी काढला. त्याच पिंपळाची रोपं करून शाळेमागं लावायची, पूजा करायची, मग जुनं खोड कापायचं. कापल्याबरोबर ताज्या कापावर तणनाशक कुंचल्यानं लावलं, फवारलं नाही, कारण खाली पाणी आहे. काप सुकला की औषध आत जात नाही म्हणून हे दोघांनी मिळून करायचं काम. तरी एका जागी फूट आलीच आहे.

धुण्याचा दगड

बारवेच्या काठावर बायका ज्या दगडावर धुणं आपटायच्या तो उलटा केला तेव्हा वीरगळ निघाला. पालथा पडला होता म्हणूनच वाचला. पाठ धुण्यानं आरशासारखी गुळगुळीत झालेली, पोटाकडची नक्षी जशीच्या तशी. तळाच्या चौकटीत चार गाई एका ओळीत, त्यांच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोरून दोन धनुर्धारी. मधल्या चौकटीत तोच माणूस दोन अप्सरांच्या मध्ये, वर निघालेला. सगळ्यांत वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, दोन्ही अंगांना चंद्र आणि सूर्य. गाई सोडवताना पडलेल्या वीराचा दगड. गायरानात मेंढरं राखणारे एक म्हातारबाबा बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. “शिंगं बघा की, खिलारच हायती,” म्हणाले. अभ्यासक यावर काय म्हणतील ते म्हणोत.

लगेच दुसरा प्रश्न आला, तोही खरा. एका मावशींनी विचारलं, “मग धुणं कुठं धुवायचं?” पोरांपैकी एकाला तो विषयांतर वाटला. नव्हता. आधी दोन नवे शहाबादी दगड हौदाच्या खालच्या अंगाला बसवले, सांडपाण्याला नाली दिली, आणि मगच वीरगळ हलवला. हा क्रम उलटा झाला असता तर महिन्याभरात दुसरा कुठलातरी वीरगळ धुण्याला लागला असता.

सगळे वीरगळ लिंबाखालच्या एका ओट्यावर उभे केले. साफ करायला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइल पेंट यांना मनाई. बसवताना बुडाला चुना-वाळू, सिमेंट नाही, म्हणजे उद्या हलवायची वेळ आली तर दगड फुटणार नाही. पारावरच्या ज्या दगडाला शेंदूर लागतो त्याला मात्र कुणी हात लावला नाही. त्याची पूजा चालू आहे, तो देव आहे, आणि शेंदराखाली काय आहे याची उत्सुकता गावापेक्षा बाहेरच्यांनाच जास्त होती.

एका दगडावर झिजलेल्या रेघा होत्या. दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला आपल्या ओरखड्यांतही अक्षरं दिसतात. त्यात वाईट काही नाही. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी जिल्ह्यातले लेख असे गावोगाव पायपीट करूनच शोधले. फक्त पोरं रेघांमध्ये खडू भरायला निघाली होती, ते थांबवलं. खडू भरणारा स्वतःला दिसलेलं अक्षर भरतो आणि पुढचा तेच वाचतो. रात्री बाजूनं तिरपी बॅटरी धरून फोटो काढले. अक्षरं नव्हती, टाकीचे घाव होते.

वरून वाढलेलं पाणी

महाशिवरात्रीच्या दीपोत्सवाची तयारी चालली होती. घरटी पाच पणत्या, असा निरोप फिरला. बौद्ध वस्तीतून प्रतिसाद येईना. पोरांच्या गटातला त्याच वस्तीतला एक मुलगा, जो बारवेच्या पाण्याच्या पातळीची वही लिहितो, त्यानं सांगितलं की आज्जी पणत्या द्यायला नको म्हणते. का, ते विचारायला दोघं-तिघं गेले.

आज्जींच्या आईच्या वेळी त्यांना पायऱ्या उतरायला बंदी होती. काठावर घागर ठेवायची, दूर उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी वाढणार. कधी दुपारपर्यंत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. ही हकिगत त्यानंतरचीच. “आमाला त्या बारवंचं काय कौतिक सांगता बाबांनो,” एवढंच त्या म्हणाल्या. रागानंही म्हणाल्या नाहीत.

यावर गटात जे झालं ते फारसं नीटनेटकं नव्हतं. कुणी म्हणालं, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. बारवेचा इतिहास उकरायला निघालेल्या माणसानं हे म्हणावं यातली गंमत त्याला कळली नाही. कुणी म्हणालं, मग पहिला दिवा आज्जींच्या हातून लावू, फोटोही छान येईल. आज्जींनी नकार दिला, आणि माझ्या मते तो योग्य होता. पाणी नाकारल्याची भरपाई दिव्यानं होत नाही. शेवटी ठरलं ते दोन गोष्टींपुरतं. बारवेवर माहितीफलक लागणार होता, त्यात ‘समस्त ग्रामस्थांची तहान भागवणारी’ असं वाक्य होतं. ते काढलं आणि पाणी कुणाला मिळत होतं, कुणाला नाही, हे सरळ लिहिलं. या वाक्यावर ग्रामसभेत दोन तास गेले. आणि हौदाची चावी, म्हणजे झडपेची, वस्तीतल्या त्याच मुलाकडं राहील असं ठरलं. आज्जी दीपोत्सवाला आल्या नाहीत.

गायरान

बारवेच्या यशानंतर गट हिरवळीकडं वळला. ओढ्यापलीकडं गायरान आहे, त्यातला काही भाग अतिक्रमणात गेलेला, उरलेला उघडा माळ. गटाचा बेत साधा होता. सामाजिक वनीकरणाकडून रोपं आणायची, यंत्रानं खड्डे घ्यायचे, माळावर जंगल करायचं. राज्यात २०१६ पासून २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, आणि २०१९ साली ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं येत गेली. त्या वेळचे खड्डे गायरानात अजून आहेत. गावात म्हणच पडली होती, खड्डा जुना, रोप नवं.

वीरगळातल्या गाईंची शिंगं ओळखणारे म्हातारबाबा इथं आडवे आले. धनगराचा माणूस, माडग्याळी मेंढरांचा कळप. ग्रामसभेत उभे राहून म्हणाले, “झाडं लावा. पर माझ्या मेंढरांनी काय फोटू खायाचा?” सभा हसली, पण विषय तिथंच फिरला.

माळ म्हणजे झाडं मेलेली जागा नव्हे. पातळ माती, खाली मुरूम, कमी पाऊस, यात गवतच नीट येतं. पवन्या, मारवेल, कुसळी. त्या गवतावर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक जगतात. नान्नजचा माळढोक पक्षी १९७० च्या दशकात पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांसमोर आणला आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेही जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. पुढं ते घटवून साधारण बाराशेवर आणलं. त्या भल्यामोठ्या आकड्यानं जमिनीचे व्यवहार अडले आणि शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याबद्दल अढी बसली, ती अजून आहे. त्या अभयारण्यातच एके काळी ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली आणि पुढं ती काढण्याची वेळ आली, कारण माळढोकाला मोकळा माळ लागतो, दाट झाडी नाही. उघड्या माळाला सरकारी कागदांत पडीक म्हणायची सवय आहे, आणि पडीक म्हटलं की काहीतरी लावायला हात शिवशिवतात.

पोरांना हे पटायला वेळ लागला. झाड मोजता येतं, त्याच्याशेजारी उभं राहता येतं. गवताचं तसं नाही.

ठरलं ते असं. झाडं ओढ्याच्या काठी आणि शाळेमागं, जिथं माती खोल आहे, तिथं लावायची. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, आपटा, बोर, हिवर. आकडा कमी ठेवायचा, जेवढ्यांना तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस आहे तेवढीच. बारवेच्या भिंतीजवळ एकही नाही. माळाचे तीन भाग करायचे आणि दरसाल एक भाग पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत, गवताचं बी पडेपर्यंत, चराईला बंद. कुठला भाग बंद ठेवायचा ते मेंढपाळ ठरवणार. नंतर गवत विळ्यानं कापून न्यायचं. माळावर यंत्रानं चर खोदायचे नाहीत, कारण वरचा गवताचा थर एकदा फाटला की तिथं आधी गाजरगवत येतं.

वेडी बाभूळ काढायचा ठरावही जोशात झाला आणि बायकांनी तो अर्ध्यावर आणला. सरपण तिचंच असतं. मग ओढ्याकडून एक पट्टा दरवर्षी, मुळासकट, आणि लाकूड तोडणाऱ्या बायकांचंच. नुसती वरून तोडली तर ती दुप्पट फुटते, हे त्यांनाच जास्त ठाऊक.

गटाने ग्रामपंचायतीतली लोक जैवविविधता नोंदवही मागवून बघितली. २००२ च्या कायद्यानुसार ती ठेवावीच लागते, आणि ठेवलेली होती. तिच्यात गावात कुणी कधी न पाहिलेली झाडं होती आणि कुसळी गवत नव्हतं. आता दुसरी वही लिहिणं चालू आहे. पाथरी, तांदुळजा, घोळ, कुर्डू यांच्या जागा आणि हंगाम म्हाताऱ्या बाया सांगतात, शाळेतली मुलं लिहितात. लांडग्यांच्या विणीच्या जागा मात्र वहीत लिहायच्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात एकानं गुहेचा फोटो जागेसकट टाकला आणि दोन दिवसांत गाड्या घेऊन लोक आले.

सध्याची स्थिती

गेल्या पावसाळ्यात बारवेचं पाणी सोळाव्या पायरीपर्यंत आलं आणि उन्हाळ्यातही आड कोरडा पडला नाही. पुन्हा रचलेली भिंत एक पावसाळा उभी राहिली, तेवढ्यावरून काही म्हणता येत नाही. मामा आणखी दोन पावसाळे मागतात. गायरानाच्या बंद भागात गवत कमरेला लागलं, पण एका रात्री बाहेरगावचा कळप त्यात शिरला आणि त्यावरून पोलीस पाटलांपर्यंत प्रकरण गेलं. लावलेल्या झाडांतली ओढ्याकाठची बहुतेक तगली, शाळेमागची पुष्कळ वाळली, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं कुणी नसतं. पिंपळाची रोपं भजनी मंडळातल्या आजींनी घरून पाणी नेऊन जगवली.

गटातली निम्मी पोरं पुण्याला परत गेली आहेत. रविवारच्या कामाला येणाऱ्यांत आता बायका आणि दहावी-बारावीची मुलं जास्त दिसतात, आणि मिस्त्रीमामा समितीत आहेत.

नव्या पंचायतीनं बारवेभोवती पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंटचा प्रस्ताव केला आहे. पैसे मंजूर झाले तर मार्चअखेर खर्चावे लागतील. पेव्हर बसले की काठावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबेल आणि झरे पुन्हा मंदावतील, असं पत्र समितीनं दिलं आहे. सोबत पर्यायही सुचवला आहे की तेच ब्लॉक बौद्ध वस्तीपासून शाळेपर्यंतच्या चिखलाच्या रस्त्याला वापरा. सरपंचांनी दोन्ही कागद ठेवून घेतले आहेत. थोरल्या आण्णांचं म्हणणं असं की जमिनीचा गट त्यांचा आहे, त्यामुळं पेव्हरचा निर्णय पंचायतीला त्यांच्या सहीशिवाय घेताच येणार नाही, आणि तूर्तास त्यांनी सही दिलेली नाही.